ग्लेनिसच्या नावाची पाटी

ड्रोव्हर्स हॉटेलच्या बारमागे, बाटल्यांच्या फळीशेजारी एक पितळी चौकट आहे. त्या वेळी कामावर असलेल्या व्यवस्थापकाच्या नावाची पाटी तिच्यात सरकवायची. पाटी असेल तर ग्लास भरायचा, नसेल तर नाही, असा कायदाच आहे. डंकन्स फोर्ड या गावात गेली बावीस वर्षं त्या चौकटीत बहुतेक वेळा एकच पाटी दिसायची, ग्लेनिस मॅकार्डल.

दुसरी पाटी मालकाची, म्हणजे डेसची. पण दोन्ही गुडघे गेल्यावर डेस वरच्या मजल्यावरून क्वचितच खाली उतरायचा, आणि त्याचं व्यवस्थापकाचं प्रमाणपत्र दोन वर्षांपूर्वी संपलं ते त्याने पुन्हा काढलंच नाही. तेव्हापासून ग्लेनिसच्या सुट्टीचे दोन दिवस, सोमवार आणि मंगळवार, बार बंद. पुढचा बार चाळीस किलोमीटरवर, आणि वाटेत डोंगरातला घाट.

अशात दारूविक्रीचा कायदा बदलला. नगरपालिकेचं पत्र आलं. जुन्या कायद्याखाली प्रमाणपत्र मिळवलेल्यांनी नव्या कायद्याची एक पूरक चाचणी उत्तीर्ण व्हायची, त्याशिवाय नूतनीकरण नाही. ग्लेनिसच्या प्रमाणपत्राची मुदत अठ्ठावीस मार्चला संपत होती. तिने पत्र दोनदा वाचलं आणि गल्ल्याखालच्या खणात ठेवून दिलं. मग पुन्हा बाहेर काढून वर नेलं.

"मी नापास झाले तर?" तिने विचारलं.

"तर बार बंद," डेस म्हणाला. "मग मी ही इमारत विकीन आणि नेल्सनला मुलीकडे जाऊन मरेपर्यंत तिच्या हातचं सूप पिईन. माझ्यावर एवढा सूड उगवू नकोस, ग्लेन."

त्याने ते हसत सांगितलं. पण त्यात खोटं काही नव्हतं, हे दोघांनाही ठाऊक होतं.

ग्लेनिसने शाळा पंधराव्या वर्षी सोडली होती. मेंढ्यांची लोकर कातरणाऱ्या टोळ्यांसाठी तिने अठरा वर्षं स्वयंपाक केला. वीस माणसांचं पाच वेळचं खाणं ती घड्याळ न बघता पुरं करायची. नवरा वारल्यावर ती ड्रोव्हर्समध्ये आली. बार चालवायची तिची पद्धत लोकरीच्या शेडमधलीच. प्रत्येक माणूस वेगळा, म्हणून प्रत्येकाचं माप वेगळं. टेरेन्सने डावा बूट काढला की त्याला पुढचा ग्लास नाही. कॉलमने मेलेल्या कुत्र्याची गोष्ट सुरू केली की त्याच्या गाडीची किल्ली काढून घ्यायची, त्याला चुलीजवळच्या खुर्चीत बसवायचं आणि समोर चीज रोल ठेवून बायकोला फोन करायचा. बावीस वर्षांत तिच्या बारमधून निघालेली एकही गाडी ओढ्यात गेली नव्हती. याचा तिला अभिमान होता, पण ती तो बोलून दाखवत नसे.

चाचणी संगणकावर होती आणि हॉटेलातलं इंटरनेट वारा सुटला की झोपायचं. म्हणून शाळेच्या मास्तरांनी शाळा सुटल्यावर तिला वर्ग उघडून दिला. सात वर्षांच्या मुलांच्या खुर्चीत गुडघे हनुवटीपर्यंत घेऊन ग्लेनिसने चाचणी दिली. पडद्यावर आकडा आला. उत्तीर्ण व्हायला दोन उत्तरं कमी पडली होती.

ती हॉटेलात परतली आणि चौकटीतली आपली पाटी काढू लागली.

"आंटी, काय करतेयस?" स्वयंपाकघरातून मेरेआना ओरडली. मेरेआना हॉटेलची स्वयंपाकीण. ती गावातल्या साठीच्या पुढच्या सगळ्याच बायकांना आंटी म्हणायची, पण ग्लेनिसला मनापासून म्हणायची. "प्रमाणपत्र अठ्ठावीसपर्यंत चालतं. आज सतरा, आणि चाचणी पुन्हा देता येते. पाटी लाव आधी! टेरेन्सने रिकामी चौकट पाहिली आणि अर्धा ग्लास तसाच खाली ठेवला. घाबरलाय बिचारा."

टेरेन्स खरंच दोन्ही हात मांडीवर ठेवून बसला होता. "नाव नाही तर पिणं नाही," तो म्हणाला. "तूच शिकवलंयस."

ग्लेनिसने पाटी परत लावली, पण तिला हसू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेरेआनाने पावाच्या कापांवर चीजचं सारण पसरता पसरता चाचणीची पुस्तिका पिठाच्या डब्याला टेकवून उभी केली.

"सोळा वर्षांचा मुलगा काकाबरोबर जेवायला आलाय. काका म्हणतो, याला बियर दे. देशील?"

"कुठला काका?"

"काका म्हणजे काका."

"टेरेन्स असेल तर देईन. पुतण्याला त्यानेच वाढवलंय, त्याचा बाप ऑस्ट्रेलियात..."

"आंटी! प्रश्नात टेरेन्स नाहीये."

"मग मला कसं कळणार?"

"तेच तर! पुस्तकाला टेरेन्स माहीत नाही. आई-बाप किंवा कायद्याने नेमलेला पालक असेल तरच द्यायची. काकाला ना नाव आहे ना कागद. नाही म्हणायचं." तिने पान उलटलं. "आता हा. एक माणूस शांत बसलाय. सरळ चालतो, स्पष्ट बोलतो. तो नशेत आहे का?"

"हो. कॉलम शांत बसला की..."

मेरेआनाने चीज माखलेली सुरी हवेत तशीच धरली. "आंटी, तू पेपरात गावाची जनगणना लिहून आलीस. नापास नाही होणार तर काय?"

मग तिने युक्ती सांगितली. असं समज, दारात बस थांबलीये आणि आतून चाळीस अनोळखी माणसं उतरतायत. एकाचंही नाव तुला ठाऊक नाही, आई ठाऊक नाही, कुत्रा ठाऊक नाही. त्यांच्याकडे बघून उत्तर द्यायचं.

"चाळीस अनोळखी माणसं," ग्लेनिस म्हणाली. "म्हणजे नाताळात पर्यटकांनी भरलेलं क्वीन्सटाऊन."

"बरोब्बर. डोळे मीट आणि क्वीन्सटाऊनला जा."

आठवडाभर ती रोज सकाळी क्वीन्सटाऊनला गेली. नव्या कायद्यातली नशेची व्याख्या तिने पाठ केली. आधी माणसावर दारूचा किंवा दुसऱ्या कशाचा तरी अंमल दिसला पाहिजे. आणि तो अंमल एवढा, की दिसणं, वागणं, चालणं, बोलणं या चारांतल्या किमान दोन गोष्टी बिघडलेल्या दिसतील. व्याख्येचा पहिला अर्धा भाग ती पहिल्या वेळी वाचायलाच विसरली होती. चोवीस तारखेला ती पुन्हा त्या बुटक्या खुर्चीत बसली. एकच उत्तर चुकलं. मास्तरांनी पडद्यावरचा कागद छापून दिला, तो तिने घडी न घालता दोन पुठ्ठ्यांमध्ये ठेवून आणला. त्याच दिवशी अर्ज गेला. अर्ज मुदतीत पोचला की निर्णय होईपर्यंत जुनं प्रमाणपत्र चालतं.

पण अजून एक पायरी उरली होती. परवाना निरीक्षक येऊन बोलणार आणि आपला अभिप्राय देणार. त्या अभिप्रायात 'हरकत' हा शब्द आला, तर प्रकरण समितीपुढे जाणार.

निरीक्षक फिलिपा यॅरल पुढच्या बुधवारी दुपारी साडेतीनला आली. पस्तिशीची, केस घट्ट बांधलेले, बोलण्यात एकही फालतू शब्द नाही. तिने पाटी पाहिली, पाण्याचा जग पाहिला, खाण्याच्या फळ्यावरचे चीज रोल आणि मटणाचा पाय वाचला, आणि खिडकीजवळच्या टेबलावर प्रश्न विचारायला बसली. ग्लेनिस नीट उत्तरं देत होती.

चारला दहा कमी असताना दार उघडलं आणि राल्स्टन आत आला.

राल्स्टन म्हातारा मेंढपाळ. दीड वर्षापूर्वी त्याला अर्धांगाचा झटका आला होता. उजवा पाय ओढत तो दोन टेबलांना धडकला, बारची कड पकडून उभा राहिला आणि तोंडाच्या एका कोपऱ्यातून काहीतरी बोलला. शब्द एकमेकांत कालवून बाहेर पडले. मेरेआनाने त्याच्यापुढे सोनेरी, फेसाळ ग्लास ठेवला.

यॅरलबाईंचं पेन थांबलं.

"त्या गृहस्थांना आत्ता काय वाढलं गेलं, ग्लेनिस?"

'अहो, तो राल्स्टन आहे, मी त्याला चाळीस वर्षं ओळखते,' हे शब्द ग्लेनिसच्या ओठावर आले होते. पण पुस्तकाला राल्स्टन माहीत नव्हता. तिने श्वास घेतला.

"चालणं आणि बोलणं, चारांतल्या दोन खुणा दिसतायत," ती म्हणाली. "पण त्या व्याख्येचा दुसरा भाग आहेत. पहिला भाग, कशाचा अंमल आहे का, तो आधी बघायचा. याच्यावर अंमल नाही. हा आजार आहे. ग्लासात जिंजर बियर आहे, मेरेआना घरी करते ती. डॉक्टरांनी दारू बंद केलीये."

"आणि अनोळखी असता तर?"

"तर ग्लास दिला नसता. बसवलं असतं, पाणी दिलं असतं, दोन मिनिटं बोलले असते. तोंडाला वास येतो का, कुठून आला, बरोबर कोण आहे, सगळं बघितलं असतं. आणि जमलं तर चेहऱ्याकडे नीट बघितलं असतं."

"चेहऱ्याकडे का?"

ग्लेनिस उठली. गल्ल्याखालून नोंदवही काढून तिने दीड वर्षापूर्वीचं एक पान उघडलं आणि बाईंपुढे ठेवलं. यॅरलबाईंनी ते वाचलं. 'चार वाजून दहा. राल्स्टन. दोनच ग्लास झालेत. चालताना झोकांडी, बोलणं जड. बाकीचे म्हणतात चढली. दोन ग्लासांत याला चढत नाही. तोंड उजवीकडे खाली ओघळलंय. दवाखान्याचं हेलिकॉप्टर बोलावलं.'

बाईंनी त्या पानावरची तारीख आपल्या कागदावर उतरवून घेतली.

राल्स्टनला एवढं कळलं की आपल्याबद्दल काहीतरी चाललंय. त्याने डाव्या हाताने ग्लास उचलला आणि पाय ओढत, थोडं सांडत, खिडकीच्या टेबलापर्यंत आणून यॅरलबाईंसमोर ठेवला. "घ्या," तो म्हणाला. तो एक शब्द मात्र स्वच्छ आला.

बाईंनी आधी वास घेतला, मग घोटभर प्यायल्या, आणि एकदम ठसका लागून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आलं जरा जास्तच पडतं माझ्या हातून," मेरेआना काउंटरमागून म्हणाली. "बाई, तुमचं दिसणं बिघडलंय. अजून एक खूण झाली तर बाहेर काढावं लागेल."

ग्लेनिसने डोळे मिटून घेतले. आता गेलं सगळं, असं तिला वाटलं. पण तिच्या कानावर आलं ते हसू. घट्ट बांधलेल्या केसांची ती बाई रुमालाने डोळे पुसत हसत होती.

"मी हरकत नाही असं लिहिणार आहे," फिलिपा यॅरल पेन बंद करत म्हणाली. "पोलिसांचा अभिप्राय कालच आलाय, तोही स्वच्छ आहे. आणि ग्लेनिस, तुमच्या मालकांनाही चाचणीला बसवा. तुम्हाला सुट्टी हवी की नको?"

वरून जिन्यात काठीचा आवाज आला. डेस कठड्याला धरून अर्ध्यावर उभा होता. कधीपासून, कोण जाणे.

"सूप टळलं का?" त्याने विचारलं.

"टळलं," ग्लेनिस म्हणाली. "पण सोमवारी सकाळी खाली यायचं. चीज रोल करता करता तुझा अभ्यास घेणार आहे मी."

यॅरलबाईंची गाडी घाटाच्या दिशेने गेली. तेव्हा कुठे ग्लेनिस पहिली मोकळी दिसली त्या खुर्चीत बसली. ती नेमकी चुलीजवळची खुर्ची होती. टेरेन्सने ते पाहिलं, उठला, फळ्याखालची बशी उचलून तिच्यापुढे चीज रोल ठेवला आणि गंभीरपणे हात पुढे केला.

"किल्ली दे, ग्लेन. घरी कुणाला फोन करू?"