कात्रीबाईंचा घोटा

कारखान्यात त्यांना सगळे कात्रीबाई म्हणायचे. आधी पाठीमागे म्हणायचे, मग तोंडावरही म्हणू लागले, आणि त्यांनी ते नाव मानाचं समजून घेतलं. गणवेश शिवणाऱ्या त्या कारखान्यात कापड बेतायचं आणि कापायचं काम सव्वीस वर्षं त्यांच्याकडे होतं. लांबलचक टेबल, त्यावर चाळीस थर कापड, वर खडूने आखलेल्या बाह्या आणि कॉलर, आणि हातात घरघरणारं कटिंग मशीन. हे काम उभ्यानेच होतं. कात्रीबाईंच्या मते ज्याला काम म्हणावं असं जगात जे काही आहे, ते सगळं उभ्यानेच होतं. पलीकडच्या हॉलमध्ये ओळीने बसून शिवणाऱ्या बायका म्हणजे त्यांनी कापून दिलेल्या शहाणपणाला टाके घालणाऱ्या.

पण सगळ्यात जास्त तुच्छता त्यांनी जावयासाठी राखून ठेवली होती. जावई बुटांच्या दुकानात विक्रेता होता. मुलीने हे स्थळ स्वतःच ठरवलं तेव्हा कात्रीबाई तिला म्हणाल्या होत्या, की तुला मान ताठ ठेवायला शिकवलं आणि तू दिवसभर लोकांच्या पायाशी बसणारा माणूस शोधून आणलास. पुढे त्या त्याला तोंडभर 'जावईबापू' म्हणत, पण त्या शब्दाला अशी काही धार लावत की तो बिचारा ताटाकडे बघत जेवायचा.

गेल्या वर्षापासून त्यांचा उजवा घोटा आतल्या बाजूने दुखायला लागला. सकाळी पलंगावरून उतरलं की पहिली चार पावलं भिंतीला धरून. संध्याकाळपर्यंत घोट्याचं हाड सुजेत बुडून जायचं. शेजारणीने लंगडणं हेरलं आणि कसलंसं तेल आणून दिलं. कात्रीबाईंनी ते कपाटाच्या बिजागरीला घातलं. बिजागरीला गुण आला. शेवटी डॉक्टरकडे गेल्या. पायाची कमान उचलून धरणारी शीर ताणली गेलीय, दोन आठवडे विश्रांती घ्या, असं तो म्हणाला आणि पुढे चपला-बुटांविषयीही काहीतरी सांगत होता. पण विश्रांती हा शब्द कानावर पडला तिथेच कात्रीबाईंनी त्याला मोडीत काढलं होतं. खुर्चीत बसून लोकांना झोपायला सांगणारा माणूस! त्यांनी कागद घडी करून पर्समध्ये टाकला आणि दुसऱ्या दिवशी वेळेवर कामावर हजर झाल्या.

मग एका दुपारी ते घडलं. टेबलाच्या कोपऱ्यावर वळताना घोट्यातून कळ आली, त्यांनी भार पटकन डाव्या पायावर घेतला आणि मशीन आखणी सोडून आत शिरलं. चाळीस थर. चाळीस बाह्या बाद. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. हॉलमधली शिलाई मशीनं एकेक करून थांबली. कात्रीबाईंना ते थांबणंच जास्त लागलं.

मालक रागावला असता तर त्यांनी त्याला ऐकवलं असतं. हा मालक वडिलांच्या गादीवर नुकताच बसलेला, मऊ बोलणारा. दुसऱ्या दिवशी त्याने बटणं मोजायच्या टेबलापाशी उशी घातलेली खुर्ची मांडून ठेवली आणि आता त्यांनी इथे बसून काम करावं असं सुचवलं. कात्रीबाईंनी खुर्चीकडे असं बघितलं, जसं कोणी उष्ट्या पानाकडे बघावं. त्यांनी हातातली पिशवी तिच्यावर ठेवली आणि कटिंग टेबलाकडे गेल्या. त्या दिवशी त्यांनी दात-ओठ आवळून काम केलं.

सुट्टीच्या दिवशी मुलगी आणि जावई जेवायला आले. निघताना दारात बूट घालायला वाकलेल्या जावयाने कात्रीबाईंच्या चपला उचलल्या आणि उलट्या केल्या.

"आई, या किती दिवसांच्या?"

"पायाखालच्या वस्तूंचे वाढदिवस मी लिहून ठेवत नाही."

त्याने टाचेवर अंगठा फिरवला. आतली कड झिजून कागदासारखी झालेली, बाहेरची जवळजवळ नवी. "तुमचा पाय आत कलतोय. उजवा जास्त. घोट्याची आतली शीर त्याला दिवसभर ओढून धरते, म्हणून दुखतं."

"हे तुम्हाला चपलेने सांगितलं?"

"हो," तो म्हणाला.

कात्रीबाईंनी चपला त्याच्याकडून ओढून घेतल्या आणि जागेवर ठेवल्या. जुना शर्ट हातात घेतला की माणसाचा कुठला खांदा उतरलाय हे त्या स्वतः न बघता सांगत. तीच विद्या दुसऱ्या कोणाला असावी, आणि तीही ह्याला, हे त्यांना मुळीच रुचलं नाही.

चार दिवसांनी कारखाना सुटल्यावर, भाजीला निघाल्यासारखी पिशवी घेऊन, त्या बुटांच्या दुकानात शिरल्या. जावई एका गुडघ्यावर बसला होता. समोर खुर्चीत एक जाडजूड गृहस्थ. त्यांनी पायाच्या अंगठ्यानेच बूट ढकलून दिला आणि जावयाकडे तुच्छतेने बघत म्हणाले, "दुसरा आण. हात जरा चालव."

त्या नजरेची ओळख कात्रीबाईंना लगेच पटली. जेवणाच्या टेबलावर त्या याच नजरेने बघत आल्या होत्या. दुसऱ्याच्या तोंडावर ती फारच बेकार दिसत होती.

"अहो, नीट बोला," त्या म्हणाल्या. "ते तुम्हाला बूट दाखवतायत, तुमचे पाय धुवायला बसलेले नाहीत."

"तुम्ही कोण?"

"मी त्यांची सासू."

गृहस्थांनी पुढचा बूट मुकाट्याने पायात घातला. ते गेल्यावर जावई हळूच म्हणाला, की आई, असं गिऱ्हाइकाला बोलू नये. कात्रीबाई म्हणाल्या, की मोज्याला भोक असलेल्याने ऐट करू नये.

मग त्यांना त्याच खुर्चीत बसावं लागलं. त्याने त्यांचा पाय ओल्या फडक्याने पुसला आणि त्यांना खाकी कागदावर उभं केलं. कागदावर अख्खा तळवा उमटला, मध्ये कमानीची रिकामी जागाच नाही. मग त्याने टाच घट्ट धरणारे, मध्येच न वाकणारे लेसचे बूट काढले आणि आत घालायला कमानीखाली उंचवटा असलेले सुटे तळवे. हे शाळकरी पोराचे बूट आहेत, असं कात्रीबाई म्हणाल्या. त्याने सुटा तळवा बुटाला लावून पाहिला. पुढून थोडा लांब होता, म्हणून तो कात्रीने कापू लागला.

कात्रीबाईंनी दोन मिनिटं कशीबशी सोसली. मग कात्री त्याच्या हातातून काढून घेतली. "कुरतडताय काय? उंदीर आहात?" बुटातला मूळचा तळवा काढून त्यांनी तो नव्यावर ठेवला, पेनने आखलं आणि एका दमात गोल कापून टाकलं.

"मधल्या उंचवट्याला हात लावू नका," तो म्हणाला. "तो बरोबर कमानीखालीच यायला हवा."

कापण्याबद्दल त्यांना कोणी सूचना करून कित्येक वर्षं झाली होती. त्यांनी मान डोलावली.

पहिल्या दिवशी तासभरच घाला, मग रोज थोडं थोडं वाढवा, टेबल धरून टाचा सावकाश वर-खाली करा, आणि सूज उतरली नाही तर परत डॉक्टरांकडे जा, एवढं त्याने सांगितलं. पहिले काही दिवस पायाखाली खडा असल्यासारखं वाटलं आणि कात्रीबाईंनी बुटांना, दुकानाला आणि जावयाला मनसोक्त शिव्या घातल्या. पण घातले रोज. तिसऱ्या आठवड्यात संध्याकाळी घोट्याचं हाड दिसू लागलं. दीड महिन्याने सकाळी भिंत लागेना. दुप्पट माल आला की अजून ठणकतं, पण त्यानंतर बाही वाकडी गेली नाही.

स्वभावात फरक पडला म्हणाल तर वाईटच पडला. आता त्या रस्त्यात लोकांच्या टाचा बघतात आणि माणसाला खालपासून मोडीत काढतात. कटिंग टेबलापुढच्या सिमेंटवर जाड रबराची चटई हवी, असं त्यांनी मालकाला सांगितलं. विचारलं नाही, सांगितलं. आठवड्यात चटई आली.

मुलीने एकदा फोनवर विचारलं, की आई, तू त्यांचे आभार तरी मानलेस का?

"जावयाचे आभार मानायला मी काय परकी आहे?" कात्रीबाई म्हणाल्या. "आणि त्यांना कात्री धरता येत नाही. सुट्टीच्या दिवशी पाठव."

तो आला. त्यांनी त्याला जुनी चादर दिली, स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी उभं केलं आणि सरळ रेघ कापायला लावली. त्याने जपून, ओठ चावत कापली. कात्रीबाईंनी तुकडा उजेडाकडे धरला.

"वाकडं," त्या म्हणाल्या. "पुन्हा."