वाजवीन तर ढोलच

आठवीला मी फुलंब्रीजवळच्या आमच्या गावातून शहरात, उस्मानपुऱ्यात मामाकडं राहायला आले आणि तिथल्या शाळेत जाऊ लागले. त्याच वर्षी शाळेत की-बोर्ड आला होता. त्याआधी म्हणे संगीताच्या तासाला पेटीसाठी पोरं भांडायची. मी बघितलं तेव्हा पेटीवर धूळ होती, तबल्याकडं कुणी फिरकत नव्हतं. ज्याच्या घरी की-बोर्ड, त्याचा वर्गात रुबाब.

गॅदरिंगच्या आधी सरांनी विचारलं, "कोण काय वाजवणार?" एकामागून एक सगळ्यांनी की-बोर्डच सांगितला. मी उठून म्हणाले, "ढोल."

वर्ग खदखदून हसला. सरही हसले. "अगं, ही शाळा आहे, जत्रा नाही. आणि मुली कुठं ढोल वाजवतात?"

"मी वाजवते, सर. वडलांचं बघून शिकले."

"त्यापेक्षा की-बोर्ड शीक. एखादं सोपं गाणं बसवून देतो."

सर वाईट नव्हते. त्यांना माझं भलंच करायचं होतं. पण मेंढरं राखणारी माझी माणसं पिढ्यान् पिढ्या देवापुढं जे वाजवत आली, ते त्यांच्या लेखी वाद्यच नव्हतं. मी म्हणाले, "वाजवीन तर ढोलच. नाय तर नाव काढा माझं."

नाव काढलं नाही, सगळ्यात शेवटी टाकलं.

वडील एसटीनं ढोल घेऊन आले. मामा म्हणाला, "दाजी, पोरीच्या जातीला हे शोभतं व्हय?"

वडील ढोलाच्या दोऱ्या आवळायला बसले. मग म्हणाले, "आपल्यात बाया वाजवीत नायत, हे खरंय. पण तिनं भर वर्गात सांगितलंय. आता मागं कशी फिरंल?"

माझी पाळी आली तेव्हा निम्म्या खुर्च्या रिकाम्या झाल्या होत्या. मागची पोरं मेंढरांसारखी बें-बें करू लागली. पहिला ठेका चुकला. मी थांबले, गळ्यातला पट्टा नीट केला आणि पुन्हा पहिल्यापासून धरला. मग असा वाजवला, की ते बें-बें मला ऐकूच येईना.

बक्षीस की-बोर्डला गेलं. दाराशी उभे असलेले वडील एवढंच म्हणाले, "डावा हात ढिला पडतोय तुझा." एखाद्या वाजवणाऱ्याशी बोलावं तसं बोलले. मला लई बरं वाटलं.

आता ढोल-पथकांचे दिवस आहेत. गणपतीत कमरेला ढोल बांधलेल्या शाळकरी पोरींचे लोक कौतुकानं फोटो काढतात. "ढोलाला आता प्रतिष्ठा आली," असं कुणी म्हणालं, की मी तोंडावर सांगते, "आमच्याकडं ती होतीच. तुम्हाला उशिरा ऐकू आलं."

माझ्या लेकीला मात्र गिटार हवी. घरात कुरकुर झाली, "तू तरी सांग तिला, आपलं वाद्य सोडू नको म्हणून." मी नाही सांगितलं. तिला दुकानात घेऊन गेले आणि म्हणाले, "कोणती हवी ती वाजवून बघ. घाई नाय."