आमच्या गावाला टोळी म्हणणारं ॲप

मंडळी, डोकं जाम फिरलंय, म्हणून लगेच लिहितेय.

मी इथे भुईगावात घरी सुकेळी करते, म्हणजे उन्हात वाळवलेली केळी, आणि एका ॲपवर विकते. आज सकाळी बघते तर माझे सगळे रिव्ह्यू गायब आणि नावाखाली लाल अक्षरांत "संशयास्पद विक्रेता"!

कस्टमर केअरला फोन लावला. तिथला माणूस म्हणतो, "मॅडम, तुम्हाला स्टार देणारे सगळे एकमेकांशी कनेक्टेड आहेत. तेच लोक एकमेकांकडून घेतात, एकमेकांना रिव्ह्यू देतात. सिस्टीमने सगळी कनेक्शन्स तपासली. खोटे रिव्ह्यू देणाऱ्यांची टोळी अशीच असते."

"अहो, टोळी कसली? गाव आहे ते!"

माझी सुकेळी माझी रोझीकाकी घेते, तिचं लोणचं मी घेते आणि आम्हा दोघींकडे केक शेजारच्या सुनेकडून येतो, सगळं याच ॲपवरून. यात लपवण्यासारखं काय आहे?

आणि ही रोझीकाकी! तिने मला तीनच स्टार दिले होते. वर रविवारची मिस्सा, म्हणजे प्रार्थना सुटल्यावर चर्चच्या दारात सगळ्यांसमोर म्हणाली, "या वेळी सुकेळी चिवट झालीत गं." तिचे स्टारही सिस्टीमने खोटे ठरवले. लबाडीच करायची असती, तर घरच्या काकीकडून तीन स्टार घेतले असते का मी?

"अनोळखी लोकांचे रिव्ह्यू आणा," म्हणे तो कस्टमर केअरवाला.

अहो, अनोळखी माणूस नाही आवडलं तर गुपचूप दुसरीकडे जातो. तुम्हीच सांगा, तुमच्या हातचं बिघडलं तर तुम्हाला तोंडावर कोण सांगतं?