हसरे मास्तर गप्प बसतात

दिवसा मास्तर लोकांच्या विजारी बेतायचे आणि संध्याकाळी थिएटरात बसून पैसे घेऊन हसायचे. गावाला यात काही वावगं वाटत नसे, कारण गावाला ते ठाऊकच नव्हतं. ठाऊक होतं थिएटरच्या मॅनेजरला, नटांना आणि मास्तरांच्या बायकोला. ती चार खुर्च्या सोडून बसायची आणि रडायची. तिलाही पैसे मिळायचे.

हा धंदा काही मास्तरांनी काढलेला नव्हे. एका बादशहाने म्हणे स्वतःच्या गाण्याला टाळ्या मिळाव्यात म्हणून हजारो जवान पदरी बाळगले होते. पुढे मोठमोठ्या नाटकगृहांत हसणारे वेगळे, रडणाऱ्या बायका वेगळ्या, 'वन्स मोअर' ओरडणारे वेगळे, अशी रीतसर वाटणीच झाली. मास्तरांना हे त्यांच्या उस्तादाने सांगितलं होतं, आणि हसायचं कसं तेही शिकवलं होतं. विनोद झाल्याबरोबर हसलं की ते विकतचं वाटतं. जरा थांबायचं, नाकातून फुस्स करायचं, शेजाऱ्याने वळून पाहिलं की मग पोट मोकळं सोडायचं. प्रेक्षक म्हणजे मेंढरं, एक हसला की त्याच्यामागून सगळे. मास्तरांच्या हशावर कितीतरी पडेल नाटकं तरली होती, आणि याचा त्यांना भारी तोरा होता.

अशात त्यांच्या मुलीने नाटक लिहिलं. नाटक कशावर आहे ते तिने घरात कुणाला सांगितलं नाही. पहिल्या प्रयोगाच्या आदल्या दिवशी जेवताना ती म्हणाली, "बाबा, उद्या तुम्ही यायचं. पण हसायचं नाही."

मास्तरांचा घास हातातच राहिला. "अगं, मग लोकांना कळणार कसं, कुठे हसायचं ते?"

"नाही कळलं तर पडेल नाटक. पण पडलं तर माझं पडेल आणि चाललं तर माझं चालेल. तुम्ही हसलात तर मला जन्मभर कळायचं नाही." मग ती आईकडे वळली. "आणि आई, तुझं रडणंही नको."

"मला काय हौस आहे?" आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी नवराबायको थिएटरात पहिल्यांदाच शेजारी शेजारी बसले. तिसरी घंटा झाली, पडदा वर गेला आणि मास्तर दचकले. समोर शिवणयंत्र, भिंतीला टांगलेली कैची, पोट सुटलेला शिंपी आणि त्याची बायको. नवरा भाड्याने हसणारा, बायको भाड्याने रडणारी. पोरीने अख्खं घर मंचावर मांडलं होतं.

पहिला विनोद आला आणि तसाच गेला. कुणी हूं की चूं केलं नाही. दुसराही वाया गेला. मागे कुणीतरी खोकलं, आणि मास्तर खुर्चीच्या कडेला सरकले. एक फुस्स, फक्त एक, की पोरीची लाज वाचेल. दाराशी उभा असलेला मॅनेजर हातवारे करून विनवत होता, हसा, मास्तर, हसा. मास्तरांनी रुमाल तोंडात कोंबला. बायकोने त्यांचं मनगट घट्ट धरलं. गप्प बसण्याइतकं कष्टाचं काम त्यांनी आयुष्यात केलं नव्हतं.

मंचावर आता शिंप्याची बायको तान्ह्या लेकीला मांडीवर घेऊन मुसमुसत होती. शिंपी आत आला, तिच्याकडे बघत राहिला आणि काळजीने म्हणाला, "अगं, आज थिएटर बंद आहे. मग फुकट कशाला रडतेस?"

मग वरच्या सज्ज्यात कुणी बाई फिस्सकन हसली, आणि पाठोपाठ सगळं थिएटर कोसळलं. लोक खुर्च्यांचे हात बडवायला लागले. ते वाक्य मास्तरांचं होतं. मुलगी जन्मली तेव्हा त्यांनी ते बायकोला अगदी मनापासून विचारलं होतं, आणि त्यात हसण्यासारखं काय आहे ते त्यांना अजूनही कळलं नव्हतं. पण हशा त्यांना कळत होता. विकतचा हशा त्यांनी लांबूनही ओळखला असता, आणि इथे तसा एकही नव्हता. शेजारी बायको पोट धरून हसत होती. मास्तर मात्र ढसाढसा रडत होते, आणि त्यांना इतका आनंद कधीच झाला नव्हता.

त्यानंतर नाटकाने मागे वळून पाहिलं नाही. शेवटी लोकांनी मुलीला मंचावर बोलावलं आणि टाळ्या थांबेनात. मॅनेजर घाम पुसत आला. "मास्तर, उद्या नेहमीच्या जागी बसा. तुमचीही भर पडू दे."

"छे," मास्तर म्हणाले. "या नाटकाला मी तिकीट काढून येणार."

जन्मात त्यांनी तिकीट काढलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुकान लवकर बंद करून, इस्त्रीचा कोट चढवून ते रांगेत उभे राहिले. पुढच्याला आणि मागच्याला, कुणी विचारलं नसताना, त्यांनी सांगून टाकलं की नाटकातला शिंपी तो मीच. ते खिडकीपाशी पोचले तेवढ्यात आतल्या माणसाने 'हाउसफुल्ल'ची पाटी लावली.

"एकसुद्धा नाही?" मास्तरांनी विचारलं.

"उभं राहायलाही जागा नाही, मास्तर."

"पुन्हा सांगा."

"उभं राहायलाही जागा नाही."

मास्तर रांगेकडे वळले आणि छाती भरून ओरडले, "ऐकलंत का? जागा नाही. मलासुद्धा नाही."