तात्यांची राखण

तात्यांइतका भित्रा माणूस मी आजवर पाहिलेला नाही. कुकर लावला की शिट्टी होईपर्यंत ते स्वयंपाकघराबाहेर उभे राहत. लिफ्टमध्ये पाय ठेवत नसत. आभाळ गडगडलं की मोबाईल बंद करून पिठाच्या डब्यात ठेवत. कुत्रं दिसलं की रस्ता बदलत, आणि नगरमध्ये पहाटे कुत्रं दिसेल तिथे रस्ता बदलायचा म्हटलं तर माणूस दौंडलाच पोचायचा. असा हा माणूस साठी उलटल्यावर बेचाळीस किलोमीटर पळत असे. कुणी म्हटलं, "तात्या, एवढी भीती वाटते तर पळता कशाला?" तर उत्तर ठरलेलं होतं. "भ्या वाटतं म्हनून तर पळतो. न भेनारा मानूस बसून ऱ्हातो."

ते मूळचे खर्ड्याकडचे. घरची कोरडवाहू शेती मुलगा बघत होता. तात्यांनी स्वतः नगरलगतच्या नागापूरच्या एका कारखान्यात हयात काढली, निवृत्त झाले, बायको गेली, तरी नागापूरचं दोन खोल्यांचं घर काही सोडलं नाही. डॉक्टरांनी शुगर सांगितली आणि रोज चाला म्हणाले. तात्या इतके घाबरले की चालायचं सोडून पळायलाच लागले. मुलगा गावाकडे बोलवायचा, तर म्हणायचे, "गावात पळाया लागलो तर लोक काठ्या घिऊन माझ्या म्होरं पळतील, चोर कुठं गेला म्हनून."

रविवारी पहाटे किल्ल्यापासून पळणारी आमची सात-आठ माणसांची टोळी होती. मी एका कॉलेजात ग्रंथपाल, चाळिशीत गुडघ्यांच्या धाकाने पळायला लागलेली. सलीमभाईंचं टायरचं दुकान. किरण दातांचा डॉक्टर, आमच्यात सगळ्यात लहान आणि सगळ्यात वेगवान. तात्या सगळ्यांच्या मागे, आपल्याच तालात, फुलपँट घालून. अर्ध्या चड्डीत पळायचीही त्यांना भीती वाटायची.

पळण्याआधी आणि पळताना तात्या गप्प असत. त्यांची खरी भीती सुरू व्हायची ती पळून झाल्यावर. आम्ही गळ्यात मेडल घालून फोटो काढत असायचो आणि हा माणूस आमच्या तोंडांकडे बघत फिरायचा, कोण पांढरं पडलंय, कुणाचे ओठ सुकलेत. लहानपणी ते ज्वारीच्या रानात माळ्यावर बसून गोफणीने पाखरं हाकत. तिथलाच हिशेब त्यांनी आम्हाला लावला होता. "पीक हिरवं हाय तवर पाखरू फिरकत न्हाई. दाना भरला की येतंय. तुमचं पळून झालं म्हंजी दाना भरला. राखन आता करायची."

ही राखण म्हणजे थट्टा नव्हती. मोठी शर्यत संपली की तात्या तिथेच जोड्या लावत. अमक्याने तमकीला बघायचं, तमकीने अमक्याला, दिवेलागणीपर्यंत. चहाच्या आधी मीठ-साखर-लिंबाचं पाणी. दुखतंय म्हणून गोळी घ्यायची नाही. एकट्याने गाडीवर घरी जायचं नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे घरी गेल्यावर आंघोळीला बसताना न्हाणीची कडी लावायची नाही. "लोटून घ्या, कडी न्हाई लावायची. आत कोन पडलं तर भाईर कळाया नगं?" किरणची बायको म्हणायची, लग्नात एवढ्या अटी नव्हत्या.

संध्याकाळपर्यंत जोडीदाराचा फोन वेगळा आणि तात्यांचा वेगळा. ते सगळ्यांनाच फोन करत, कधी कधी दुसऱ्या दिवशीही. एकदा शर्यतीच्या दुसऱ्या दिवशी मी वाचनालयात होते, पाय आखडल्यामुळे जिना पाठमोरी उतरून नुकतीच खुर्चीत बसले होते. फोन वाजला तो चुकून स्पीकरवर गेला आणि भरल्या वाचनालयात तात्यांचा आवाज घुमला, "म्याडम, लघवी झाली का? रंग कसा हाय?" एम.ए.ची पोरं पुस्तकात तोंड खुपसून हसत होती. मी धरणीमाते पोटात घे म्हणत फोन बंद केला, तर त्यांनी पुन्हा लावला. उत्तर मिळाल्याशिवाय हा गृहस्थ सोडणारा नव्हता. शेवटी व्हरांड्यात जाऊन मी सांगितलं, "झाली, आणि पिवळी आहे." "मंग अजून पानी प्या, मीठ घालून," म्हणाले आणि ठेवला.

मी त्यांना हसायचं थांबवलं ते एका उन्हाळ्यात. पळून आले, कढत पाणी अंगावर घेतलं आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. पुढचं मला आठवत नाही. सासूबाईंनी धप्प आवाज ऐकला, दार ढकललं आणि मला उचलून बसवलं. कडी लावली असती तर त्या बाहेरून काय करणार होत्या? तात्यांना हे सांगितलं तेव्हा ते खूश होतील असं मला वाटलं होतं. ते मटकन खाली बसले.

शर्यतीनंतरचा आमचा अड्डा म्हणजे सलीमभाईंचं दुकान. दुकान रविवारी बंद असे. जुन्या टायरांची चळत, तिच्यावर पाय टाकून आम्ही सगळे फरशीवर उताणे. कुणाचं नख काळं पडलेलं, कुणाच्या पोटरीत गोळा आलेला. सलीमभाईंच्या घरून खिमा-पाव यायचा, माझ्याकडचा दहीभात, तात्यांच्या पिशवीतून शेंगदाणे आणि गूळ. गोळा आला की तात्या तो पाय मांडीवर घेऊन अंगठा मागे दाबत बसत आणि ओरडणारा ओरडला की स्वतःच डोळे मिटून घेत. "दुकतंय व्हय रं? मलाबी लई दुकतंय बघ," असं म्हणत. धंद्यातले ताप, घरातली भांडणं, सगळं त्या फरशीवर निघायचं. इतक्या निवांत माणसांत मी आयुष्यात दुसरीकडे कुठे बसलेले नाही.

पण तात्यांना कोण बघतं, हे आम्ही कधी नीट विचारलं नाही. एकदा सलीमभाईंनी विचारलं होतं. तात्या म्हणाले, "हाय माझी सोय." आम्हाला तेवढं पुरलं.

मागच्या वर्षी संगमनेरकडच्या एका शर्यतीला आम्ही सलीमभाईंच्या टेम्पोतून गेलो. फेब्रुवारी असूनही ऊन असं होतं की डांबर वास मारत होतं. तात्या जवळजवळ शेवटी आले. आले ते थेट लिंबं कापायला बसले. प्रत्येकाला ग्लास दिला, जोड्या लावल्या. स्वतः मात्र साध्या पाण्याच्या बाटल्यांवर बाटल्या रिचवत होते, हे मला आता आठवतं. तेव्हा दिसलं होतं, पण कळलं नव्हतं. परतीच्या वाटेवर ते मध्येच पेंगत होते आणि डोकं दुखतंय म्हणाले. किरण म्हणाला, ऊन लागलं असेल. नागापूरला त्यांना दारात उतरवलं. "कड्या," त्यांनी आठवण करून दिली आणि आत गेले.

मी घरी येऊन जेवले आणि मेल्यासारखी झोपले. उठले तेव्हा उन्हं उतरली होती. चहा ठेवला आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटत राहिलं. मग लक्षात आलं, तात्यांचा फोन आला नव्हता. आधी हसूच आलं. म्हटलं, चला, आज लघवीच्या चौकशीतून सुटका झाली. चहा गाळता गाळता हात थांबला. तापात, लग्नात, स्वतःच्या नातवाच्या बारशातसुद्धा या माणसाने फोन चुकवला नव्हता. मी फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. 

सलीमभाईंना फोन केला. त्यांनाही तात्यांचा फोन आला नव्हता. किरणलाही नाही. सलीमभाई टेम्पो घेऊन आले, वाटेत किरणला घेतलं. मी सलीमभाईंना विचारलं, "आजच्या जोडीत तात्या तुमच्याकडे होते ना?"

"नाही ताई, मला वाटलं तुमच्याकडं," सलीमभाई म्हणाले.

आम्ही दोघांनी किरणकडे पाहिलं. त्याने मान हलवली.  त्यानंतर नागापूर येईपर्यंत मी फोन लावत होते आणि तो वाजत होता, एवढंच.

तात्यांच्या घराच्या दाराला आतून तीन कड्या होत्या. चोरांच्या भीतीने त्यांनी त्या एकेक वाढवत नेल्या होत्या आणि आम्ही त्यावरून त्यांची भरपूर चेष्टा केली होती. दार हलेना. हाका मारल्या. आतून फक्त नळाच्या पाण्याचा आवाज येत होता, बादली भरून वाहत असल्यासारखा. मला तो आवाज अजून सहन होत नाही. आमच्या घरी कुणी नळ सोडून ठेवला की मी अंगावर धावून जाते. सलीमभाईंनी टेम्पोतली पहार आणली. ते पहार मारत होते आणि "या अल्ला, या अल्ला" म्हणत होते. शेजारची माणसं गोळा झाली. एक कडी तुटली, दुसरी तुटली, तिसरी काही तुटेना. तेवढ्या वेळात मी देवाला काय काय कबूल केलं, ते मलाही आता नीट आठवत नाही.

दार पडलं. न्हाणीचं दार नुसतं लोटलेलं होतं. तात्या ओल्या फरशीवर कुशीवर पडले होते, कपाळ फुटलेलं, अंगावर टॉवेल, पाणी त्यांच्या गालाला लागून वाहत होतं. किरण गुडघ्यावर बसला आणि त्यांच्या मानेला बोटं लावली.  "मी दातांचा डॉक्टर आहे ओ ताई," तो एकदम रडवेला होऊन म्हणाला, "मला काही सांगता येत नाही." मग म्हणाला, "आहेत. श्वास आहे."

टेम्पोच्या हौद्यात सतरंजी टाकून आम्ही त्यांना दवाखान्यात नेलं. नुसतं पाणी पिऊन अंगातलं मीठ पार उतरलंय, डोक्यालाही मार आहे, असं तिथले डॉक्टर म्हणाले. वाचतील का, या प्रश्नाला डॉक्टरांनी "बघू" असं उत्तर दिलं. त्या एका शब्दावर आम्ही बाकड्यावर बसून राहिलो, सकाळच्या पळण्याने आखडलेले पाय घेऊन. एकमेकांकडे बघायची भीती वाटत होती. खर्ड्याहून मुलगा आला तेव्हा त्याने साधाच प्रश्न विचारला, "सोबत कोन हुतं बापाच्या?" आम्ही तिघांनी खाली पाहिलं.

दोन दिवसांनी तात्या शुद्धीवर आले. आम्हाला आत सोडलं. डोक्याला पट्टी, हाताला सलाईन, तोंड एवढंसं झालेलं. आमच्याकडे बघून त्यांनी हसायचा प्रयत्न केला. "भ्यालो न्हाई म्या," म्हणाले. "अजिबात न्हाई. राखन हुतीच की." मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "कुनाकडं हुतो मी?"

सलीमभाईंनी खिडकीकडे तोंड फिरवलं. किरण सलाईनची बाटली बघायला लागला. मी म्हणाले, "माझ्याकडे, तात्या."

त्यांनी मान डोलावली, डोळे मिटले आणि थोड्याच वेळात घोरायला लागले.

डॉक्टरांनी पळणं बंद केलं. एकट्याने राहणंही बंद. मुलगा त्यांना न्यायला आला त्या दिवशी आम्ही सगळे नागापूरला गेलो होतो. सामान ते किती असणार! दोन पेट्या, पळायचे बूट आणि मेडलांची एक पिशवी. सलीमभाईंनी मोडलेलं दार नवं बसवून दिलं होतं. त्याला एकच कडी होती. तात्यांनी ती लावून पाहिली, काढून पाहिली. किरणच्या तोंडावरून हात फिरवला. सलीमभाईंना मिठी मारली, तर सलीमभाईच रडायला लागले. मुलाने त्यांना गाडीत पुढे बसवून पट्टा लावला. पट्टा लागलाय का, हे त्यांनी दोनदा ओढून बघितलं.

मी खिडकीपाशी गेले. रोज फोन करीन, गोळ्या वेळेवर घ्या, असलं काहीतरी बोलत होते. त्यांनी माझा हात धरला. आजवर मी त्यांची म्याडम होते.

"पोरी," ते हळूच म्हणाले, "जोड्या मीच लावल्या हुत्या. माझं नाव म्या कुनाकडंच दिलं न्हवतं. ठावं हाय मला."

 मी म्हटलं, "मग त्या दिवशी दवाखान्यात विचारलंत कशाला?"

"भ्या वाटलं हुतं म्हनून. फरशीवर पडल्यापडल्या लई भ्यालो गं. वाटलं, समद्यास्नी इचारत ऱ्हायलो आन आपल्याला इचारा म्हनून कुनाला बोललोच न्हाई. आता कोन येनार? तू 'माझ्याकडं हुता' म्हनलीस, तवा कुठं डोळा लागला बघ."

मुलाने गाडी सुरू केली. त्यांनी हात सोडला नाही. माझ्या डोळ्यांना धार लागली होती आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

"तवा खोटं बोललीस ते बोललीस," तात्या म्हणाले. "आता खरंच ठिव राखन." आणि हात सोडून त्यांनी घाईघाईने काच वर करून घेतली, वारं लागेल म्हणून.