मायच्या काळजाभोवतीचं पाणी

हे मी आजवर कोणालाच सांगितलं नाही. सख्ख्या बहिणीलाही नाही. तुम्हाला का सांगते आहे — कोण जाणे.

आमच्या फुलसावंगीच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. बी.एस्सी. झाले, लोहाऱ्याच्या एमआयडीसीत नोकरी धरली, मायला माझ्याजवळ आणलं. याचा मला गर्व होता. अजूनही आहे. घरात कोणाला साधा ताप आला, तरी आधी मला विचारायचे. आणि मी सांगायची. माहीत नसलं तरी — सांगायचीच.

मायला थायरॉइडची गोळी चालू होती. एकदा रक्त तपासलं, सगळं बरोबर आलं. मी म्हटलं, "झाली ना बरी तू! आता कायले खातं गोळ्या?" डॉक्टरांना न विचारताच गोळी बंद केली. गोळी चालू आहे म्हणूनच सगळं बरोबर आलं — एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात येऊ नये?

मग माय हळूहळू मंदावत गेली. चेहरा भरला. आवाज जाड झाला, विहिरीच्या तळातून आल्यासारखा. काही विचारलं, की उत्तर यायला एखादा ढग सरकून जाईल इतका वेळ. भर उन्हाळ्यात गोधडी पांघरून दारात बसायची, पापण्या जड, आणि मी बघत राहायची — किती निवांत झाली माझी माय! शेजारची काकू म्हणायची, "तुह्या मायले लेकीचं सुख मानवलं वं!" मला गोड वाटायचं.

ती सूज होती. मी तिला सुख समजत होते.

पुढे आडवं पडलं की तिला दम लागायचा. उशांना टेकून, बसूनच झोपायची. तेव्हा कुठं नेलं दवाखान्यात. डॉक्टरांनी नाडी धरली, छातीला नळी लावली — पुन्हा लावली. ठोके फार सावकाश होते, फार दुरून येत होते म्हणे. इको केला. थायरॉइड इतका कमी झाला की काळीजही मंदावतं, त्याच्याभोवती पाणी धरतं, ते म्हणाले. पडद्यावर काळंभोर पाणी, आणि त्यात मायचं काळीज — हलके हलके डुलणारं. किती शांत दिसत होतं ते! माझी माय त्यात बुडत होती.

"गोळी कोणी बंद केली?" डॉक्टरांनी विचारलं.

मी म्हटलं, "तीच विसरते, सर."

माय तिथंच पडून होती. तिनं ऐकलं. माझ्याकडे पाहिलं — आणि त्याच जाड आवाजात म्हणाली, "हो जी. मले ध्यानच राहत नाही."

माय वाचली. गोळी परत सुरू झाली. आता गावाकडून कोणी भेटायला आलं, की ती स्वतःलाच हसते, "म्या येडीनं गोळी सोडली. पोरगी शिकेल हाय, म्हणून वाचली मी."

पाहुणे माझ्याकडे कौतुकानं पाहतात.

मी पाहू देते.