नापास शाळेत नात

लोटूआबा गेल्याची बातमी मला शाळेतच कळली. शुक्रवार होता, मधली सुट्टी संपत आली होती, आणि आमच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या सुमनताई पदराला हात पुसत ऑफिसच्या दारात येऊन म्हणाल्या, "बाई, आबा गेले. बागेत बसल्या बसल्या गेले." खोटं कशाला सांगू... पहिल्या क्षणी मला हायसं वाटलं. उद्या शनिवार आणि उद्या कोणी येणार नाही, हाच विचार आधी मनात आला. दुसरा विचार आला तेव्हा मात्र मी खुर्चीत बसले, ती पोरांनी वर्ग डोक्यावर घेतला तरी उठले नाही. त्या दिवशी घंटा सुमनताईंनीच दिली.

आबा आमच्या शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष. नियमानं पालक हवा, पण गावानं त्यांनाच बसवलेलं. सावद्याजवळचं लहानसं गाव, पहिली ते चौथीची जिल्हा परिषदेची शाळा, शिक्षक दोन, त्यातली मुख्याध्यापिका मी. आबांचा धंदा केळीच्या बागा पारखण्याचा. व्यापाऱ्याच्या वतीनं बागेत जायचं, माल पाहायचा आणि घ्यायचा की सोडायचा ते सांगायचं. त्यांनी सोडलेली बाग दुसरा व्यापारी दोनदा विचार करून घ्यायचा. अशा लेखात गेलेला माणूस देवमाणूस निघतो, म्हणून आधीच सांगून टाकते, आबा देवमाणूस नव्हते. हट्टी होते, तोंडाळ होते, चहा पातळ झाला तर कप तसाच ठेवून उठायचे. मी धुळे जिल्ह्यातली, बदली होऊन इकडे आलेली, तर पाच वर्षांत त्यांनी मला एकदाही माझ्या आडनावानं हाक मारली नाही. "धुयाच्या बाई" म्हणायचे, आणि तेही असं, की धुळ्याहून आल्याबद्दल माझंच काहीतरी चुकलं असावं.

आल्या आल्या मी शाळेला हात घातला. भिंती रंगवून घेतल्या, त्यांवर मुळाक्षरं, पाढे, फळं-फुलं काढून घेतली. हात धुवायला नळांची रांग झाली, मागं परसबाग झाली, कुंपणाला फाटक बसलं. दुसऱ्या वर्षी वरून फॉर्म आला की शाळेनं स्वतःच स्वतःला गुण द्यायचे, खाली मुख्याध्यापकाची आणि समितीच्या अध्यक्षांची सही, मग तपासणीला पथक येणार. आपल्याच हातात पेन असल्यावर कोण कंजुषी करतं? मी रकाने भरले. भिंतींना पैकीच्या पैकी, परसबागेला पैकीच्या पैकी, वाचनालाही पैकीला एक कमी, म्हणजे खरं वाटावं म्हणून. पथक येणार म्हणून महिनाभर चौथीच्या पोरांकडून चार धडे असे घोटून घेतले होते, की झोपेतून उठवलं तरी खडाखडा म्हणतील. आणि फॉर्म घेऊन सहीसाठी आबांना शाळेत बोलावलं. वाटलं होतं, दोन मिनिटांचं काम.

आबा थेट चौथीच्या वर्गात शिरले. मी पुढच्या बाकावरची पोरगी उभी केली तर म्हणाले, "तिले बसू द्या. बांधाकडचा घड पाहून बाग नही घेत कोनी." बागेच्या कडेला ऊन-वारा भरपूर, तिथले घड नेहमीच टपोरे, खरी बाग मधे शिरल्यावर कळते, हे त्यांचं रोजचं शास्त्र. त्यांनी मधल्या रांगेतलं एक पोरगं उठवलं. त्यानं पुस्तक उघडून धडा सुरू केला, एकही अडखळ नाही. आबांनी सावकाश त्या पानावर आपला पंजा ठेवला. पोरगं थांबलंच नाही... पंजाकडे बघत पानाच्या शेवटापर्यंत वाचत गेलं. वर्गात कोणी हसलं नाही. मीही नाही. मग आबांनी खिशातून खताच्या दुकानातलं एक पत्रक काढलं, एकाला वाचायला लावलं, त्याला बाहेर पाठवलं आणि तेच पत्रक दुसऱ्याला दिलं. दोघांनी एकाच कागदावर दोन निरनिराळ्या गोष्टी वाचल्या. अशा सहा जोड्या झाल्या, त्यातली एक जुळली.

ऑफिसात येऊन मी रडकुंडीला आले होते आणि म्हणून भांडले. म्हटलं, "आबा, श्रेणी गेली तर गाव शाळेला नावं ठेवेल. आधीच रोज सकाळी पिवळी व्हॅन येऊन पोरं सावद्याच्या इंग्रजी शाळेत नेते. उरलीसुरलीही जातील. शाळा बंद पडली तर चालेल तुम्हाला?" आबा म्हणाले, "भिंतीचे गुण भिंतीले देल्ले तुमी. पोरांचे गुण पोरांले द्या. जे हाये ते लिहा, मंग म्या सही करतो." मी फॉर्म फाडला नाही, पण त्यांच्यासमोरच वाचनाच्या रकान्यातला आकडा खोडला आणि रागानं शून्य लिहिलं. त्यावर ते म्हणाले, "शून्य बी खोटं हाये. एक जोडी जुयली ना?" मग एक लिहिला. त्यांनी सही केली, सावकाश, एकेक अक्षर कोरत.

पुढचं सांगण्यासारखं नाही, पण सांगते. तालुक्याच्या बैठकीत मला उभं करून सुनावलं गेलं, की मॅडम, स्वतःच्याच शाळेची एवढी बदनामी करणारी मुख्याध्यापिका आम्ही पहिल्यांदाच पाहतो. सगळे हसले. मी घरी येऊन आईला फोन लावला. आई साक्रीकडे, अजून शुद्ध अहिराणी बोलते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "खोटं लिखं का तू? नही ना? मंग रडस कसाले? खरं शे ते शे." आईचं बरं असतं, तिला बैठकीला जायचं नसतं. गावातही व्हायचं तेच झालं. शाळेला सगळ्यांत खालची श्रेणी मिळाली म्हटल्यावर आठवडाभरात पाच पालक दाखला मागायला आले. मी आबांच्या नावानं बोटं मोडत दाखले लिहीत होते, आणि सहाव्या दिवशी आबा स्वतः दारात. हाताशी नात, हर्षाली, सहा वर्षांची. गळ्यात अजून व्हॅनवाल्या शाळेचा टाय.

"हिले पहिलीत घ्या," आबा म्हणाले.

मला वाटलं चेष्टा करताहेत. म्हटलं, "आबा, तुम्हीच नापास केलेली शाळा आहे ही." तर म्हणाले, "म्हनूनच. आता तुमच्यापाशी पास व्हायले जागा हाये. आन् माही नात हाये म्हटल्यावर म्या पाहायले येईनच." आबांचा मुलगा गिरीश, सावद्याला ठिबकच्या नळ्यांचं दुकान चालवतो, शिकलेला माणूस. तो दुपारी मोटारसायकलवरून तरातरा आला, बापाशी माझ्यासमोर भांडला, म्हणाला, दुसऱ्यांच्या पोरांवर प्रयोग करा, माझी पोरगी कशाला? आबा म्हणाले, "दुसऱ्याच्या पोरावर करू आन् आपलं पोरगं काढून घेऊ? असा कसा रे धंदा?" गिरीश महिनाभर बापाशी बोलला नाही. पोरगी मात्र राहिली.

आणि मग सुरू झाले ते शनिवार. सकाळची शाळा, आबा साडेआठला हजर. ओटीवर बसणार, जोड्या लावणार, एकाला आत, एकाला बाहेर. सोबत कधी औषधाच्या डब्यावरची चिठ्ठी, कधी लग्नपत्रिका, कधी किराण्याच्या पुडीचा कागद. पाठ करायला सापडेल असं काही कधी आणलं नाही. मला त्यांचा राग यायचा, आणि त्या रागापायीच मी शिकवायला लागले, हे आज कबूल करते. माझ्या जोडीचे सर तर शुक्रवारी संध्याकाळी पोरांना घरी जाऊन गाठायचे. सहातली एक जोडी जुळायची, तिथे तीन जुळू लागल्या, मग चार. आबांनी कधी "छान" म्हटलं नाही. फार तर "हं" म्हणायचे, आणि त्या "हं"वर माझा सोमवार जायचा.

वर्षभरानं एका शनिवारी गंमत झाली. म्हणजे तेव्हा गंमत वाटली नाही. दोन पोरांनी केळीवरच्या औषधाचं पत्रक वाचलं, दोघांनी म्हटलं, "अशा वेळी फवारणी करावी." आबा म्हणाले, "जुयलं. पास." मी सहज कागद पाहिला तर त्यावर लिहिलं होतं, "फवारणी टाळावी." दोघांनीही चित्रातला पंप पाहून अंदाज ठोकला होता. मी आबांकडे पाहिलं. आबांनी माझ्याकडे पाहिलं... आणि मला कळलं. पोरं गेल्यावर ते म्हणाले, "मले वाचता येत नही, बाई. आकडे तेवढे कयतात. चौथी पास हाये म्या. ह्याच शायेतून. दाखला हाये घरी, त्याच्यावर लिहेल हाये 'प्रगती चांगली', असं लोक सांगतात." बाजारात, व्यापाऱ्यांत, घरातसुद्धा त्यांनी हे जन्मभर झाकलं होतं. चष्मा विसरला म्हणायचं, नाहीतर वाचून दाखव रे, डोळे दुखतात म्हणायचं. म्हणून ती दोन पोरांची युक्ती. स्वतःला वाचता येत नाही, तर दोघांचं ताडून बघायचं. "शायेनं मले फक्त सही शिकवली," ते म्हणाले, "ती बी खोट्या कागदावर करू का?"

आता तुम्हाला वाटत असेल, मग नातीनं आजोबांना वाचायला शिकवलं. नाही. मी दोनदा म्हटलं, आबा, महिन्याभरात शिकवते. त्यांनी हात झटकला. "माहं राह्यलं ते राह्यलं. तुमी यांचं पाहा." मला त्याचा अजून राग येतो. पंच्याहत्तरीच्या माणसाला शिकवून मला फार धन्य वाटलं असतं, आणि बहुधा तेच त्यांना नको होतं. (हे सगळं मी गिरीशला विचारून लिहिते आहे. तो म्हणाला, लिहा, आता झाकायचं कोणासाठी?)

आबांचे दिवस घालून गंधमुक्त झालं आणि पुढच्या सोमवारी गिरीश हर्षालीचा दाखला मागायला आला. मला अपेक्षा होती, तरी आतून हललेच. दाखल्याचं पुस्तक काढलं. शाळा सोडण्याचं कारण, पालकांची विनंती. प्रगतीच्या रकान्यात "चांगली" लिहायची रीत आहे, मी लिहिलं, "वाचन उत्तम, भागाकार कच्चा." गिरीश म्हणाला, "बाई, भागाकाराचं कशाला? तिथं देताना वाईट दिसतं." म्हटलं, "कच्चा आहे म्हणून. तुमच्या वडिलांनी मला दुसरं काही लिहायची सवयच ठेवली नाही." तो दाखला घडी करून खिशात घालून गेला. पोरगी फाटकापाशी उभी होती, तिनं वळून पाहिलं नाही. बरं केलं.

चौथ्या दिवशी सकाळी दोघं परत आले. गिरीशच्या खिशातली घडी तशीच होती, दाखला तिथं अजून दिलाच नव्हता. मी काही विचारायच्या आत तो म्हणाला, "हीच सांगेल." हर्षालीनं सांगितलं ते असं, की नव्या शाळेत मधल्या सुट्टीत तिनं वर्गातल्या एका मुलीला नळापाशी नेऊन इंग्रजी पुस्तकातलं एक पान वाचायला लावलं. तिनं फडाफडा वाचलं. मग विचारलं, काय लिहिलंय ते सांग. मग दुसरीला जिन्यापाशी नेऊन तेच. दोघींनी वाचलं सारखं आणि सांगितलं निराळं. "मलापण ते पान नीट कळलं नव्हतं, बाई," हर्षाली म्हणाली, "पण दोघींचं जुळलंच नाही. आबांनी ही बाग घेतली नसती."

त्या शाळेबद्दल मी काही बोलणार नाही. दोन पोरींवरून शाळा ठरत नाही, आबांनीही निदान दहा घड पाहिले असते. पण आमच्या शाळेबद्दल बोलेन, आणि कोणाची परवानगी घेणार नाही. तुम्ही गाडीतून जाताना आमच्या शाळेकडे पाहून "जिल्हा परिषदेची का?" म्हणून जे नाक मुरडता ना, ते नाक घेऊन एकदा वर्गात या. आम्ही कोणत्याही वारी, कोणत्याही रांगेतलं पोरगं उभं करू. सगळी वाचतील असं मी म्हणत नाही. न वाचणारी किती आणि कोण, ते मी दारातच सांगेन. तुमच्या पोरांच्या शाळेत एकदा हेच विचारून बघा, काय उत्तर येतं ते.

गिरीशलाही मी तेच म्हटलं. "तिला घेते, पण आधी आत बसा. तिसरीत तीन पोरं अजून अडकतात." तो चप्पल काढून आत गेला, मधल्या रांगेपाशी जमिनीवर बसला. तो पदवीधर माणूस, त्याला पुस्तक बघून कोण चुकतंय ते लगेच कळलं असतं. त्यानं पुस्तकाकडे पाहिलंच नाही. खिशातून दुकानाच्या मालाची पावती काढली, एका पोराकडून वाचून घेतली, त्याला बाहेर पाठवलं, मग तीच एका पोरीला दिली. जुळलं. पुढची जोडी, जुळली. पाचवं पोरगं पहिल्याच ओळीत अडकलं आणि माझ्याकडे बघायला लागलं. गिरीशनंही पाहिलं. मी नजर खाली घातली नाही.

"याला अजून येत नाही," मी म्हटलं.

"किती दिवस लागतील?"

"दिवाळीपर्यंत."

"मग दिवाळीनंतरच्या शनिवारी याचंच पहिलं ऐकतो," गिरीश म्हणाला, आणि सहाव्याला हाक मारली.